तोफेसाठी वर्गणी नको, जवानाच्या घरासाठी द्या

एप्रिल 2025मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरला. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी सरकारने बँकेत खातं उघडलंय, पैसे टाका. शेवटी संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला की मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि खात्याचे तपशील चुकीचे आहेत.

शस्त्रं वर्गणीतून येत नाहीत. 2025-26ची संरक्षणाची तरतूद होती 6.81 लाख कोटी रुपये. शिरूरच्या बाजारातल्या जीएसटीतला केंद्राचा वाटा आणि दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याचा आयकर देशाच्या याच तिजोरीत जातो. तोफेचे पैसे आपण आधीच दिलेत.

वर्गणी लागते ती माणसांना. पेन्शन नसलेला 65 वर्षांवरचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना महिन्याला 4,000 रुपये मिळायचे. 1 नोव्हेंबर 2025पासूनच्या अर्जांना 8,000 मिळतात. हा पैसा ध्वजदिन निधीतून येतो. 1949पासून दर 7 डिसेंबरला गोळा होतो तोच.

दुसरा राष्ट्रीय संरक्षण निधी. 1962 साली चीनने हल्ला केला तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, तो हा निधी. आजही तो पूर्णपणे लोकांच्या देणगीवर चालतो. त्यातून जवानांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते आणि 2019पासून नक्षली किंवा दहशतवादी हल्ल्यात शहीद झालेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे पाचवा आणि सातवा असे दोन गट आहेत. इथली पोरं गडचिरोलीत बंदोबस्ताला जातात. दौंडकरांसाठी हा निधी दिल्लीचा नाही, घरचा आहे.

दोन्ही निधी आपल्याच माणसांसाठी आहेत, म्हणूनच ध्वजदिन निधीच्या वसुलीची रीत खटकते. ध्वजदिनाचं उद्दिष्ट जिल्ह्याला ठरवून मिळतं, तिथून ते खाली कार्यालयांवर वाटलं जातं. मग साहेबाने आकडा सांगायचा आणि हाताखालच्याने मुकाट्याने खिशात हात घालायचा! उसाच्या बिलातून कपात व्हावी तसे हे पैसे जातात. देणाऱ्याला ते कुणाच्या चुलीपर्यंत पोचले ते कळतच नाही. जवानाच्या नावाने मागताना सक्ती करणं हा त्या जवानाचाच अपमान आहे.

शिरूर आणि दौंडच्या तहसीलदारांना माझी मागणी आहे: उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झालं हे सांगू नका. तालुक्यातून किती जमा झाले आणि तालुक्यातल्या किती घरांना मदत मिळाली, हे दोन आकडे गावोगावच्या ग्रामसभेत वाचा.

आणि वाचकहो, तुम्ही पैसे द्या, पण पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पावती घ्या. गावात पेन्शन नसलेला म्हातारा फौजी किंवा त्याची विधवा असेल, तर त्याच फेरीत त्यांना सोबत न्या आणि अर्ज भरून द्या.