आप्पामामा आणि आपोआप ब्रेक

मराठी मध्यमवर्गाने गाडी घेताना पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला आहे : ॲव्हरेज किती देते? त्याचं उत्तर मिळालं की रंग बायकोने ठरवायचा, मुहूर्त आईने आणि हप्ता बँकेने. अलीकडे मुलांनी त्यात आपला एक प्रश्न घुसवला आहे : सनरूफ आहे का? भर दुपारी तोंडाला ओढणी गुंडाळल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या शहरात छताला भोक असलेली गाडी कोणाला आणि कशाला हवी, हे मला अजून उमगलेलं नाही. गाडी थांबते कशी, हे मात्र कोणीच विचारत नाही. थांबणारच की! न थांबून जाते कुठे, अशी आपली श्रद्धा.

मी ते विचारायचं ठरवलं आणि सोबत आप्पामामांना घेऊन शोरूममध्ये गेलो. मामा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वाई-महाबळेश्वरचा पसरणी घाट त्यांनी धुक्यात, पावसात आणि मुक्कामी गाडीच्या अर्धवट झोपेतही उतरवलेला आहे. पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून त्यांच्या लग्नाच्या कोटावर असतो. मामांनी टायरला लाथ मारून पाहिल्याशिवाय आमच्या घराण्यात वाहन येत नाही.

“सर, यात लेव्हल टू अ‍ॅडास आहे,” सेल्सचा मुलगा म्हणाला. “समोर काही आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक मारते.”

“आन्‌ ड्रायव्हर काय करतो तवर?” मामांनी विचारलं.

“तोही मारतो ना, काका.”

“म्हंजे एका ब्रेकाला दोन माणसं. आमच्या डेपोत चाललं नसतं.”

मुलाने धीर सोडला नाही. बंपरमागे रडार असतं, ते समोरच्याचं अंतर आणि वेग मोजतं. आरशामागे काचेला कॅमेरा असतो, तो समोर मोटार आहे, स्कूटर आहे की माणूस, ते ओळखतो. आता धडकणार असं दोघांच्या हिशेबाने दिसलं की आधी टुंगटुंग वाजतं. तरी चालक ढिम्म राहिला तर गाडी स्वतः ब्रेक दाबते. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पळते. माणसाला दिसणं, उमजणं आणि पाय ब्रेकवर पोचणं यात एखादा सेकंद सहज जातो. रडारला पायही हलवायचा नसतो आणि व्हॉट्सॲपही बघायचं नसतं.

जगाला हे नवं नाही. व्होल्वोने २००८ साली एक्ससी६० मध्ये शहरातल्या कमी वेगाला चालणारी अशी सोय दिली, तीही सगळ्या मॉडेलना. युरोपातली युरो एनसीएपी २०१४ पासून मोटारींना सुरक्षेचे तारे देताना हा ब्रेक मोजू लागली. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा झाला. अमेरिकेने सप्टेंबर २०२९ ची मुदत घातली आहे. तिथल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने हिशेब मांडला तेव्हा दिसलं की असा ब्रेक असलेल्या गाड्या पुढच्याला मागून ठोकण्याचं प्रमाण निम्म्यावर आणतात. निम्म्यावर! इतका फरक आमच्या सोसायटीत लोकांच्या हातापाया पडूनही पार्किंगच्या भांडणांत पडलेला नाही.

आपल्याकडे एमजी ग्लॉस्टर २०२० मध्ये आणि महिंद्राची एक्सयूव्ही७०० २०२१ मध्ये हे घेऊन आली, आणि २०२४ च्या अखेरीस होंडा अमेझसारख्या छोट्या सेदानपर्यंत ते उतरलं. उतरलं, पण बहुतेक ठिकाणी वरच्याच मॉडेलला. माझा खरा राग तिथे आहे. मी पाहत होतो त्या गाडीच्या मधल्या मॉडेलला सहा एअरबॅग होत्या, म्हणजे आपटल्यावरची सोय चोख. आपटूच नये याची सोय टॉप मॉडेलला, दोन-अडीच लाख जास्त मोजून. शिवाय तो ब्रेक सुटा मिळत नाही. त्याच्याबरोबर सनरूफ, दारात रंग बदलणारे दिवे आणि बसल्या जागी गार वारा सोडणाऱ्या सीटा घ्याव्याच लागतात. जीव वाचवायचा असेल तर बूड थंड करून घेणं सक्तीचं!

आपलं भारत एनसीएपी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं, हे चांगलंच झालं. लोक आता ॲव्हरेजनंतर तारे विचारतात. पण त्याच्या सुरुवातीच्या नियमावलीतले तारे मुख्यतः ठोकर बसल्यावर आतल्या माणसाचं काय होतं, ते सांगतात. आपोआप ब्रेकला त्यात गुण नव्हते. मग कंपनीने तो दिव्या-सनरूफच्या ताटात वाढला तर दोष कोणाला द्यायचा? जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही एके काळी असंच वरच्या मॉडेलचं लेणं होतं. एप्रिल २०१९ पासून ते सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं आणि त्याचा ब्रोशरमधला दिमाख एका रात्रीत गेला. याही ब्रेकचा दिमाख लवकर जावो.

टेस्ट ड्राइव्ह स्वारगेटहून कात्रजच्या दिशेने. आप्तांवर रुसलेल्या थोरल्या जावेसारखी ती गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखून चालते. पुण्यात ते अंतर राहत नाही. एका स्कूटरने त्यात पुढचं चाक घातलं, दुसऱ्या स्कूटरने पहिलीला साथ दिली, आणि मग एक रिक्षा तिरकी येऊन तिथेच रमली. गाडी टुंगटुंग करून मागे सरकली की नवी स्कूटर हजर.

“हिला लई भ्या वाटतं रं,” मामा म्हणाले. “अशानं आपण उलटं स्वारगेटला पोचू.”

मला धास्ती वेगळीच होती. आपण करकचून थांबू, पण मागून येणाऱ्या टेंपोच्या नाकात रडार नाही, आणि त्याचा ब्रेक फक्त टेंपोवाल्याच्या मर्जीवर आहे. सेल्सच्या मुलाकडे याला उत्तर नव्हतं. कोणाकडेच नाही, मागच्याने अंतर राखावं इतकंच. घरी आल्यावर आकडे पाहिले. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. ज्या स्कूटरींवर मी दिवसभर करवादलो, त्यांच्यासाठीच हा ब्रेक आधी हवा, हे त्यानंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही.

तो सर्वज्ञ मात्र नाही. त्याच अमेरिकी संस्थेला असं आढळलं की पादचाऱ्यांना धडकण्याचं प्रमाण या ब्रेकने २७ टक्क्यांनी घटतं, पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरकच दिसत नाही. म्हणजे जिथे आपल्यालाही दिसत नाही, नेमकं तिथेच त्यालाही दिसत नाही. काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचं बिल वेगळं. आणि चिखल, धुकं, मुसळधार पाऊस यांनी डोळे झाकले की तो तसं स्क्रीनवर लिहून रजेवर जातो.

शेवटी टॉप मॉडेलच घेतलं. मुलं सनरूफवर खूश, बायको दिव्यांवर, बँक सगळ्यांवर. दसऱ्याला गाडी घरी आली. आईने आपल्या हाताने ओवलेला झेंडूचा हार, हातभर जाड, बंपरवर बरोबर मधोमध बांधला, आणि निघताच स्क्रीनवर आलं : समोरचा सेन्सर झाकला आहे. “हार काढायचा नाही,” आई म्हणाली. “देवाच्या आड यंत्र येत असेल तर यंत्र बाजूला करा.” तह असा झाला की हार वर बॉनेटवर जाईल आणि काचेवरचा गणपती कॅमेऱ्यासमोरून सरकून डॅशबोर्डवर बसेल. गणपतीने हरकत घेतली नाही.

पुढे साताऱ्याहून परतताना शिरवळच्या अलीकडे एक मोटरसायकल उलट्या बाजूने आली. वर दुधाचे कॅन, मध्ये फोन, आणि खाली कुठेतरी चालक. टुंगटुंग झालं. माझा पाय ब्रेककडे निघाला होता, पण गाडीने तोवर आम्हाला पट्ट्यात गच्च आवळून जागच्या जागी उभं केलं होतं. कॅनवाला आमच्याकडे न बघता वळसा घालून निघाला.

“बेस थांबवलीस,” मामा म्हणाले. पंचवीस वर्षांच्या बिल्ल्याकडून एवढं प्रशस्तिपत्र मला कधी मिळालं नव्हतं, पण खोटं कसं बोलणार?

“मी नाही मामा, हिनेच थांबवली.”

मामांनी डॅशबोर्डकडे पहिल्यांदाच जरा मानाने पाहिलं. मग त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“ब्रेक मारला, ते ठीक हाय. पर त्याला शिवी कोण घालणार?”

“ते टॉप मॉडेललाही येत नाही,” मी म्हणालो. तोवर मामांनी काच खाली केली होती.