जोडअंक

छोटं वाङ्मयीन नियतकालिक काढतो म्हटलं की लोक विचारतात, पैसे कुठून आणणार? तो प्रश्न नंतरचा. आधी दिवाणाखाली जागा आहे का ते बघावं. दोन-तीनशे प्रती छापल्या की काही पोस्टात जातात, काही समारंभांत वाटल्या जातात आणि उरलेल्या, सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने, संपादकाच्या घरी कायमच्या राहायला येतात. आमच्याकडे पाहुण्यांसाठी गादी काढायची तर आधी दोन विशेषांक हलवावे लागतात.

वर्गण्या तीन प्रकारच्या: वार्षिक, त्रैवार्षिक आणि आजीव. आजीव म्हणजे जीव कुणाचा, वर्गणीदाराचा की अंकाचा, हे कुठेही छापलेलं नसतं आणि ते दोन्ही पक्षांच्या सोयीचंच असतं. आजीव वर्गणीचे पैसे पहिल्याच अंकाच्या कागदाला जातात. पुढे वर्गणीदार दीर्घायुषी निघतात आणि आपण त्यांना मनापासून शुभेच्छा देत पदरच्या पैशांनी तिकिटं चिकटवत राहतो.

मजकुराला मात्र तोटा नाही. कवी बारा कविता पाठवतो आणि खाली लिहितो, ‘योग्य वाटल्यास सर्व घ्याव्यात.’ त्याने आमचा एकही अंक पाहिलेला नसतो. कविता साभार परत केल्या तर पुढच्या संमेलनात चहाच्या रांगेत तो ओळख दाखवत नाही. छापल्या तर म्हणतो, ‘चार प्रती जास्त पाठवा’, आणि वर्गणीचा विषय निघाला की नेमकी त्याच्या फोनची रेंज जाते.

यावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ सालीच नामी उपाय शोधला होता. ‘निबंधमाले’चे सात वर्षांत ८४ अंक निघाले आणि ते जवळजवळ सगळे त्यांनी एकट्याने लिहून काढले. ना कुणाला स्मरणपत्र, ना कुणाचा रुसवा. आमच्यासारख्यांना एवढं लिहिता येत नाही, म्हणून तर आम्ही संपादक होतो.

मध्यंतरी प्राध्यापकांचे लेख एकाएकी वाढले. ‘आयएसएसएन आहे ना?’ हा पहिला प्रश्न. यूजीसीच्या केअर यादीत नाव आहे का, हा दुसरा. अंक कसा असतो, हा प्रश्न तिसरासुद्धा नसे. २०२५मध्ये आयोगाने ती यादीच रद्द केली आणि वाङ्मयावरचं ते प्रेम ओसरलं.

छापखान्यात आमचा नंबर लग्नपत्रिकांच्या मागे. ‘सर, त्यांचा मुहूर्त टळला तर पंचाईत. तुमचं काय, कविता!’ असं छापखानेवाले अगदी आदराने सांगतात. निवडणूक लागली की लग्नपत्रिकाही मागे पडतात आणि आम्ही त्यांच्याही मागे. मग जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून मिळून एक जोडअंक निघतो. उशीर तर झाकला जातोच, वर अंक भरगच्च दिसतो.

बरं, हे सगळं करून अंक टिकतो का? दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या मंडळींनी १९५४मध्ये ‘शब्द’ काढला तो सायक्लोस्टाइल करून. काही वर्षांत तो थांबला. अशोक शहाण्यांच्या ‘अथर्व’चा तर एकच अंक निघाला. ज्या ‘सत्यकथे’वर ही तरुण पिढी रागावलेली होती, ते मातब्बर मासिकसुद्धा पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९८२मध्ये बंद पडलं. वाङ्मयाच्या इतिहासात आता दोघं शेजारी शेजारी बसतात. टिकण्याची चिकाटी पाहायची तर खानदेशात जावं. निव्वळ कवितांना वाहिलेलं ‘काव्यरत्नावली’ १८८७ साली जळगावात सुरू झालं, आणि ‘कवितारती’ पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्यात. पुण्या-मुंबईचा वारा न लागणं हेही प्रकृतीला मानवत असावं.

तेव्हा अंक कधी ना कधी बंद पडणार, हे धरूनच चालावं. प्रश्न एवढाच, की तो बंद पडल्याचं कुणाच्या लक्षात येतं का. खपाच्या आकड्यांवरून हे कळत नाही. अंक वेळेवर निघाला तर कुणी चकार शब्द काढत नाही. तो दोन-तीन महिने लांबला, की एखाद्या तालुक्याच्या गावाहून कुणी निवृत्त मास्तर फोन करतात, ‘संपादक, अंक आला नाही. बंद केलात की माझी वर्गणी संपली?’ वर्गणी संपून कैक वर्षं झालेली असतात. एवढी चौकशी एखाद्या परीक्षणातसुद्धा होत नाही.

‘छे हो सर, बंद कसला? जोडअंक काढतोय,’ आपण ठणकावून सांगतो. तोवर तसं काहीच ठरलेलं नसतं. पण आता शब्द गेलेला असतो. फोन ठेवायचा आणि लगेच छापखान्यात विचारायचं, लग्नसराई कधी संपतेय?