कळसूबाईवर निम्मी कळसूबाई

आईची पहिली विमानवारी आम्ही खोटं बोलून पार पाडली.

नातवाचं बारसं दिल्लीला होतं आणि आईला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. बिडी-सिगारेट सोडाच, तिनं कधी मशेरीही लावली नाही. पण पाटण तालुक्यातल्या घरात चाळीस वर्षं ती चुलीपुढं बसली. ओलं सरपण, बिनखिडकीचं स्वयंपाकघर आणि हातात फुंकणी. पुण्यात डॉक्टरांनी स्पायरोमेट्रीची नळी तोंडात धरायला दिली तेव्हा ती म्हणाली, "फुंकणीच की ही!" आणि फुंकायला गेली, तर आतली हवा बाहेर पडता पडेना.

प्रवासाच्या आदल्या रात्री तिनं जाहीर केलं, "खुर्चीबिर्ची नको. आजारी दिसलं की घेत नाहीत म्हणे." विमानतळावर काउंटरपुढं ती उभी राहिली ती ओठ घट्ट मिटून, नाकानं श्वास ओढत, चेहऱ्यावर हसू. श्वासाचा पंप कमरेच्या पिशवीत लपवलेला. बोर्डिंग पास हातात आला आणि पहिल्या खांबाला टेकून तिनं जी धाप टाकली, ती मी अजून विसरलेलो नाही.

विमान वर गेल्यावर करोनातला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. घरी ९३ असायचं. तासाभरात ८५. संडासापर्यंत आठ-दहा पावलं गेली आणि परत आली, तेव्हा ८०. नखं जांभळट पडली होती. ती डोळे मिटून, तोंडाचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत राहिली, आणि मी समोरचे आकडे बघत राहिलो. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतंच.

हे का झालं ते मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं, आणि ते सांगणं कुणाचं तरी काम होतं.

विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा ठेवत नाहीत. नेहमीच्या उड्डाणात केबिनमधला दाब ८,००० फुटांवर असतो त्याहून कमी होऊ द्यायचा नाही, एवढंच बंधन. प्रत्यक्षात तो ६,००० ते ८,००० फुटांवरच्यासारखा असतो. ८,००० फूट म्हणजे २,४३८ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिच्यावर आणखी निम्मी कळसूबाई रचायची आणि त्या टोकावर रुग्णाला नेऊन बसवायचं, तेही अर्ध्या तासात. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब उतरल्यामुळे रक्तात कमी पोचतो. जमिनीवर बसून १५ टक्के ऑक्सिजनची हवा घ्यावी, तसंच ते. धडधाकट माणसाचंही सॅच्युरेशन थोडं उतरतं, त्याला पत्ताही लागत नाही. ज्याची फुप्फुसं आधीच काठावर आहेत, त्याला लागतो.

आणि ते वरून पडणारे पिवळे मास्क? मी त्या झाकणाकडे बघत बसलो होतो म्हणून सांगतो. ते केबिनमधला दाब अचानक गेला तर वापरायचे, विमान सुरक्षित उंचीवर उतरेपर्यंत. बहुतेक विमानांत ती सोय काही मिनिटांचीच असते. रुग्णासाठी ती नाही.

फुप्फुसात हवेचे मोठे फुगे असलेल्यांचं तर आणखी वेगळं. विमानात वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. अडकून पडलेली हवा वर गेल्यावर साधारण तिसऱ्या हिश्शानं फुगते, मग ती पाकिटात असो की छातीत. छातीत हवा साठण्याचा, न्यूमोथोरॅक्सचा प्रकार झाला असेल, तर एक्स-रेमध्ये फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यावरही निदान आठवडाभर उडू नये, असं छातीचे डॉक्टर सांगतात. विचारलं तर सांगतात.

इथंच माझं भांडण आहे. विचारलं तर.

आईच्या केसपेपरवर सगळं आहे. चूल किती वर्षं, खोकला किती दिवस, बेडका कुठल्या रंगाचा. "विमानानं कुठं जाणार आहात का?" हा एक प्रश्न नाही. तपासणी तर आहे. १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीसेक मिनिटं श्वासातून घ्यायला लावतात आणि रक्तातला ऑक्सिजन किती उतरतो ते बघतात. हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट तिचं नाव. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०११ च्या शिफारशींत अगदी स्पष्ट होतं: तपासणीत सॅच्युरेशन ८५ च्या खाली गेलं, तर विमानात ऑक्सिजन लागणार. नुसतं घरी बसून ९३ आलं म्हणून वर किती राहील हे कळत नाही, हेही डॉक्टरांना ठाऊक असतं. आम्हाला दोन वर्षांत कुणी ते सांगितलं नाही. ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. त्यातल्या कित्येकांच्या घरातलं कुणी ना कुणी आता दिल्लीला, बंगळूरला, दुबईला असणार. ही माणसं उडतात. कुणी बारशाला, कुणी लग्नाला, कुणी शेवटचं भेटायला.

बरं, विमान कंपन्या तरी विचारतात? तिकीट काढताना खिडकी हवी की कडेची सीट, उपमा की सँडविच, जादा बॅग, विमा, सगळं विचारतात. व्हीलचेअरचीही चौकट असते. पाय चालत नसतील तर सोय आहे, पण श्वास चालत नसेल तर त्या पानावर एक ओळ नाही. आम्ही काढलेल्या तिकिटाच्या पानावर तरी नव्हती.

दुसऱ्या खेपेला आम्ही खरं बोललो. दिवाळी होती. भाड्यानं छोटं ऑक्सिजन मशीन आणलं, खांद्याला अडकवायचं, बॅटरीवर चालणारं. चार दिवस आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. "मशीन नेता येईल," असं उत्तर मिळालं. आई या वेळी व्हीलचेअरवर निमूट बसली, नाकात नळी घालून, मांडीवर अनारशांचा डबा. काउंटरवरच्या मुलीनं अदबीनंच विचारलं, "मेडिफ झालाय ना?"

मेडिफ म्हणजे वैद्यकीय माहितीचा फॉर्म. अर्धा डॉक्टरांनी भरायचा, बहुतेक कंपन्यांना दोन-तीन दिवस आधी द्यायचा, त्यांच्या वैद्यकीय विभागानं होकार द्यायचा. फोनवर आम्हाला त्याचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मी फोन केल्याची वेळ दाखवली, वरिष्ठ आले, त्यांनी आणखी कुणाला तरी फोन लावला, आणि तेवढ्यात विमान गेलं. मुलीचा दोष नव्हता. तिच्या हातात कागद नव्हता, आणि कागदाशिवाय आईला वर काही झालं असतं तर जबाबदारी तिच्यावरच आली असती.

टॅक्सीत आई बोलली नाही. घरी आल्यावर डबा उघडून एक अनारसा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मागच्या वेळेसारखं गप बसायचं होतंस."

हे वाक्य मला झोपू देत नाही. खोटं बोललो तेव्हा दिल्लीला पोचलो. खरं बोललो तेव्हा दारातून परत आलो. अशानं माणसं काय शिकणार? नळी पर्समध्ये, पंप खिशात, आणि वर गेल्यावर ८०. कुणी म्हणेल, मग रेल्वेनं जावं. पुण्याहून दिल्लीला जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र लागते, आणि त्या मशीनच्या बॅटऱ्या तितका वेळ पुरवायच्या कशा, ते त्यानंच सांगावं.

मागणं फार मोठं नाही. तिकिटाच्या पानावर व्हीलचेअरच्या खालीच एक चौकट हवी: प्रवासात ऑक्सिजन लागतो का? हो म्हटलं की तिथंच फॉर्म, तिथंच फोन नंबर, तिथंच शेवटची तारीख. आणि छातीच्या डॉक्टरांच्या केसपेपरवर तो एक प्रश्न. अमेरिकेत ये-जा करणाऱ्या प्रवासी विमानांना तर मे २००९ पासून नियमच आहे की मान्यताप्राप्त मशीन रुग्णाला वापरू द्यायचं. तिथंही कागद लागतातच, पण प्रवाशाचा हक्क आधी मान्य केला आहे.

तिसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, आम्ही सगळं केलं. डॉक्टरांनी मशीन लावून आईला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं, कितीवर ठेवायचं ते ठरवून दिलं. ऑक्सिजन जितका जास्त तितकं बरं, असं सीओपीडीत नसतं, म्हणून आकडा त्यांनीच ठरवावा लागतो. फॉर्म पाच दिवस आधी पाठवला, होकाराचा कागद छापून घेतला, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. सिलिंडर स्वतःचा बहुतेक कंपन्या नेऊ देत नाहीत, घरचं मोठं मशीन विमानात चालत नाही. छोटं चालतं, पण बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळेला पुरतील एवढ्या लागतात आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. आम्ही सहा तासांच्या घेतल्या. विमान तासभर उशिरा सुटलं तेव्हा त्या कामी आल्या. पंपही सीटसमोरच्या कप्प्यात, हात घातला की मिळेल असा.

सीटखाली मशीन ठेवलं. आईच्या प्रत्येक श्वासाला त्यातून एक छोटी फुंकर सुटायची, फुस्, फुस्. वर गेल्यावर आकडा ९१. मी तासभर बघत होतो. शेवटी तिनंच चिमटा बोटातून काढला आणि माझ्या खिशात टाकला. "बास की आता." मग खिडकीकडे तोंड करून झोपली.

दिल्लीला उतरताना मागच्या रांगेतले एक आजोबा एरोब्रिजमध्ये दर दहा पावलांवर थांबत होते. थांबले की मोबाइल काढून बघायचे. स्क्रीन बंदच होता. व्हीलचेअर यायची म्हणून आम्ही कडेला उभे होतो. ते आमच्यापाशी आले, आईच्या नाकातल्या नळीकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरच्या मशीनकडे.

"हे नेऊ देतात?"

"देतात की," आई म्हणाली. "कागद करावा लागतो. माझा मुलगा सांगेल तुम्हाला."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि सदऱ्याच्या खिशातून निळा पंप अर्धाच वर काढून तिला दाखवला.