कंट्रोलची मिरची

मामाच्या गावाला जायचं म्हणजे विहीर, आमराई, झालंच तर एखादी मारकी म्हैस, असा सगळ्यांचा समज असतो. माझ्या भाचीचा मामा लालबागला राहतो. डोंबिवलीहून स्लो लोकल पकडायची, करी रोडला उतरायचं, पूल चढायचा आणि घाम पुसत चाळीचा तिसरा मजला गाठायचा, हे तिचं आजोळ. आमराईच्या जागी गॅलरीतली तुळस, विहिरीच्या जागी मोरीतला निळा ड्रम. म्हशीची उणीव मी भरून काढतो, असं आमच्या हिचं म्हणणं.

यंदा मे महिन्यात ती आली तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि सामान जास्त. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, थर्मामीटर, दोनशे पानी वही आणि बॉलपेन. पेन्सिल आणि खोडरबर आणायचं नाही, चुकलं तर नुसती एक रेघ मारायची, रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे, असं तिच्या शाळेतल्या बाईंनी बजावलेलं. सुट्टीत निरीक्षणं घ्या, शाळा उघडली की बघू, असा एकूण बेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद म्हणून एक प्रकार १९९३ पासून भरतो. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या आसपासचा एखादा प्रश्न घ्यायचा आणि तो स्वतः तपासून मांडायचा, आपल्या भाषेत मांडला तरी चालतो. परिषद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शाल, श्रीफळ आणि लांबलेलं प्रास्ताविक आलं. पण इथे म्हणे प्रास्ताविकालाही पुरावा मागतात.

विषय ठरायचा होता. ठरवला आईने, म्हणजे तिच्या आजीने, आणि तोही नकळत. लालबागला मे महिना कॅलेंडरवर बघावा लागत नाही, नाकाला कळतो. मिरची गल्लीत बेडगी, संकेश्वरी, काश्मिरीचे ढीग लागतात, डंकावर नंबर लागतात आणि अख्खी वस्ती शिंकते. आमच्याकडेही वर्षाचा मसाला. देठं काढून मिरच्या गच्चीत पसरलेल्या. भाचीने विचारलं, "आजी, मिरच्या किती दिवस वाळवायच्या?"

"वाळेपर्यंत."

"वाळल्या हे कळतं कसं?"

आईने एक मिरची उचलली, कानाशी नेली आणि मोडली. कट्‌! "अशी बोलली पाहिजे."

भाचीने वही उघडली.

तीन ताटल्या. प्रत्येकीत मोजून दोनशे ग्रॅम बेडगी. एक गच्चीत उन्हात, एक गॅलरीत सावलीत आणि तिसरी घरात फळीवर, कागदाने झाकून. तिसरी कशाला, तर तिला काही करायचं नाही, ती फक्त तुलनेसाठी. "हा कंट्रोल," भाची म्हणाली. आईचे डोळे लकाकले. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या त्यांच्या लेखी कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचे गहू, कंट्रोलची साखर. "मिरचीपण देतात आता कंट्रोलवर?" तिने विचारलं. तिसऱ्या दिवशी फळीवरच्या ताटलीचं वजन दोनशेवरून एकशे बासष्टवर आलं. उन्हातल्या मिरचीलाही न साधलेली ही प्रगती बघून भाची हरखली. मग कळलं की आमच्या हिने आमटीच्या फोडणीला त्यातूनच मूठभर घेतल्या होत्या. कंट्रोलचा माल घरात खाण्यासाठीच आणतात, यात तिचं काय चुकलं? प्रयोग पहिल्यापासून सुरू.

मला मात्र नाना चौक आठवला. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दला आहे, पण १९७४ साली सुरू झाल्यावर सुरुवातीची अनेक वर्षं त्याचा संसार नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होता. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी पालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की मुलं विज्ञानापेक्षा पुस्तकाच्या भाषेलाच जास्त अडखळतात. भाषा सोपी केली तर तीच मुलं पुढे सरकतात. आमच्या घरात तर एक शब्द अडखळला आणि अडतीस ग्रॅम मिरची आमटीत गेली.

समोरच्या टॉवरमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा मुलगा याच सुट्टीत 'रिसर्च प्रोग्रॅम'ला परदेशी गेला आहे. एमआयटीत सहा आठवड्यांच्या एका उन्हाळी कार्यक्रमात शाळकरी मुलांना खऱ्या प्रयोगशाळेत बसवतात, शिकवण्याचे पैसे घेत नाहीत आणि निवड मात्र भयंकर कडक असते. हा त्यातला नाही. हा पैसे भरून जायचा. माहितीपत्रक त्यांनी मला कौतुकाने दाखवलं. नेतृत्वगुण, आत्मविश्वास, जागतिक दृष्टी, आणि शेवटी मुलाच्या नावावर एक पेपर. चाळीत पेपर म्हणजे सकाळी दाराच्या कडीत खोचलेला, नाहीतर परीक्षेत अवघड गेलेला. हा तिसरा पेपर मला नवीन. मुलगा हुशार आहे, त्याला मिळो बापडा. पण त्या गुळगुळीत पानांवर कुठेही, तुमच्या मुलाचा प्रयोग फसेल, असं छापलेलं नव्हतं. मला खरेदी करायचीच झाली तर मी तेवढंच विकत घेतलं असतं.

कारण माझा प्रयोग कधी फसलाच नाही. कॉलेजात लंबकाचा प्रयोग होता. गुरुत्वीय त्वरण काढायचं. उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला हवं, हे मला, जोडीदाराला आणि दारातल्या शिपायालाही ठाऊक. आमचं आलं आठ पूर्णांक नऊ. जोडीदार म्हणाला, "आकडे तर बरोबर आहेत, नुसती जागा बदललीय." आम्ही जागा बदलली, उत्तरावरून उलट हिशेब करत वेळाचे आकडे भरले आणि जर्नलवर बरोबरची खूण घेऊन भेळ खायला गेलो. पृथ्वीने तक्रार केली नाही. त्या दिवशी आमचं खरंच काय चुकलं, दोरा मोजताना की झोके मोजताना, हे मला आजतागायत माहीत नाही.

आमच्या मुंबईतल्याच खेतवाडीत, दिसलं ते जसंच्या तसं लिहिणारा एक मुलगा होता. मामाकडेच वाढलेला. सलीम अली. १८९६ चा जन्म, आईवडील लहानपणीच गेले. पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीला त्याने छर्‍याच्या बंदुकीने पाडलं, ही कोणती म्हणून मामांना विचारलं, मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवलं आणि साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. ही गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त आवडते ती त्याच सुमाराची, १९०६-०७ ची, एक टिपणी. त्यांच्या १९८५ सालच्या आत्मचरित्रात ती आहे. चिमणी भोकात अंडी उबवतेय, चिमणा बाहेर खिळ्यावर राखणीला. पोराने तबेल्यातल्या गाडीआडून चिमणा टिपला. थोड्याच वेळात खिळ्यावर दुसरा चिमणा हजर. तोही टिपला. सात दिवसांत आठ चिमणे, आणि दर वेळी चिमणीला नवा जोडीदार तयार. आजची आई ही वही बघून आधी समुपदेशक गाठेल. पण दहा वर्षांच्या पोराने चिमण्या मारल्या एवढंच लिहिलं नाही. कोण कुठे बसलं होतं, किती दिवसांत किती, मागाहून काय घडलं, हे लिहिलं. शिकवायला कुणी नव्हतं. एक मामा तेवढा होता, ज्याने आपल्याला येत नाही हे कबूल केलं.

आमच्या गच्चीवर प्रगती चालली होती. दोनशे, एकशे ब्याण्णव, एकशे सत्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी. टॉवरची सावली दुपारी कधी गच्चीवर येते त्याचाही वहीत एक रकाना, कारण सावली आली की ताटली सरकवायची. मेच्या मध्याला मुंबईत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवशी साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी आम्ही तिघं गच्चीत उभे होतो. काठी उभी केली, सावली नाही. आई म्हणाली, "तो टॉवरपण बघ, बिचारा." एरवी आमचं ऊन खाणारा टॉवर स्वतःची सावली पायाखाली घेऊन गुपचूप उभा होता.

पाचव्या दिवशी सकाळी काट्याने आकडा दाखवला एकशे सत्याऐंशी. वजन वाढलं! वाळणाऱ्या मिरचीचं वजन वाढतं का कुठे? भाचीने काटा बंद करून चालू केला, बॅटरी काढून घातली. तेच. मी अनुभवी माणूस. म्हणालो, "एकशे त्र्याऐंशी लिहून टाक. कोण बघतंय?"

"मग मोजायचं कशाला, मामा?"

हा प्रश्न मला लंबकाच्या वेळी कुणी विचारला नव्हता.

आईने ताटलीतली मिरची घेतली. ती मोडली नाही, नुसती वाकली. "रात्री बाहेर राहिली का गं? मऊ पडलीय. हवा लागली." ताटली रात्री गच्चीतच विसरली होती, हे खरं. दुसऱ्या रात्री दोन वाटे केले, एक उघडा आणि एक घट्ट झाकणाच्या डब्यात. उघडा वाटा सकाळी जड, डब्यातला जसाच्या तसा. दिवसा उन्हाने काढलेलं पाणी समुद्राची दमट हवा रात्री परत करत होती.

मग भाचीने आजीचीच परीक्षा घेतली. डोळ्यांवर पदर, तीन ताटल्यांतल्या मिरच्या कशाही क्रमाने हातात द्यायच्या, आजीने मोडून सांगायचं. पाच फेऱ्यांत चार वेळा आजीचा कान आणि काटा एकमताने बोलले. पाचव्या वेळी आजी चुकली. "तेव्हा खालून ट्रक गेला," ती म्हणाली. वहीत शेरा पडला: फेरी ५, ट्रकचा आवाज. कान हे काय उपकरण झालं, असं मी म्हणणार होतो, पण १९१२ साली विल्बर स्कोव्हिलने मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली ती माणसाच्या जिभेवरच. अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, जीभ भाजायची थांबेपर्यंत. आणि १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेणाऱ्या हाफकिनचं नाव लावलेली संस्था आमच्या परळलाच आहे. त्यांच्यापुढे आईचा कान फारच सोज्वळ.

मसाला कुटून आला, बरणीत हिंगाचे खडे घालून दाबून भरला. भाची डोंबिवलीला गेली, पण प्रयोग मागे ठेवून. पावसाळ्यात मसाला किती ओल धरतो ते तिला बघायचंय. बरणीच्या गळ्यात दोऱ्याने एक कागद आणि बॉलपेन. कागदावर सूचना: मसाला काढल्यास तारीख, चमचे आणि कारण लिहावे. खोडू नये.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रविवारी ही देवळात गेली होती. मी सुक्या बोंबलांचं कालवण टाकलं. चव जरा कमी वाटली म्हणून मसाला वाढवला. मग कागदावर तारीख घातली, पुढे 'दोन चमचे, बोंबील' असं लिहिलं. झाकण लावलं. पुन्हा कागद हातात घेतला, 'दोन'वर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी 'तीन' लिहिलं.