फट मोजा, मग बोला

संध्याकाळी पनवेलजवळच्या कळंबोली सर्कलला गाड्या तुंबल्या की मोटारी थांबतात आणि दुचाकी पुढे सरकत राहतात. मग मोटारीतला माणूस चिडून म्हणतो, ‘बाइकवाल्यांना शिस्तच नाही!’ पोलिसांच्या सूचना, सोसायटीच्या बैठका, वर्तमानपत्रांतली पत्रं, सगळीकडे हेच वाक्य फिरतं. ते निम्मं चुकीचं आहे. जे निम्मं बरोबर आहे, ते नेमकं काय हे मात्र कुणी दुचाकीस्वाराला नीट सांगत नाही.

दुचाकीवर कोण बसलंय ते आधी बघा. करंजाडेत राहून तळोजा एमआयडीसीत पाळी करणारा कामगार असतो. दिवा-पनवेल मार्गावर तळोजा पंचनंद स्टेशन आहे, पण तिथल्या गाड्या मोजक्या. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली, ती पनवेलपर्यंत येत नाही. रात्रपाळी सुटते तेव्हा रिक्षाचं भाडं परवडत नाही. खांदा कॉलनीतून मुलाला शाळेत सोडून तशीच बेलापूरला कामावर जाणारी बाई असते. पाठीवर खोकं बांधून कामोठे ते खारघर जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा असतो. यांच्यासाठी दुचाकी ही हौस नाही. ती आहे म्हणून पगार आहे.

आता यांना रस्ते कोणते दिलेत? मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग कळंबोलीतून सुरू होतो, त्यावर दुचाकीला बंदी. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्‌घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, त्यावरही बंदी. ताशी शंभराच्या वेगात धावणाऱ्या मोटारींमध्ये स्कूटर नको, हे मला पटतं. पण एका रस्त्यावर बंदी घातली की दुसरा रस्ता सुरक्षित करून देणं हे सरकारचं काम असतं, आणि ते झालेलं नाही. उरले कोणते? शीव-पनवेल महामार्ग, जुना पुणे रस्ता, मुंब्रा रस्ता, जेएनपीटीचा रस्ता आणि पळस्प्यातून निघणारा गोवा महामार्ग. जेएनपीटी, म्हणजे न्हावाशेवा बंदर, १९८९ साली सुरू झालं. तिथले कंटेनर, तळोज्याचे टँकर आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रेलर याच रस्त्यांवरून जातात. म्हणजे सगळ्यात हलकं वाहन आपण सगळ्यात जड वाहनाच्या बरोबरीने उभं केलं. वर नियमही असा, की जड वाहनांनी डावीकडून चालावं आणि दुचाकींनीही डावीकडूनच. चाळीस फुटी ट्रेलर आणि स्कूटर यांना एकाच पट्ट्यात ढकलून मग अपघाताला बेशिस्त म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आता दोन वाहनांमधली फट मोजू. महामार्गाची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते. लहान मोटार सुमारे पावणेदोन मीटर. शेजारशेजारच्या दोन मार्गिकांत मधोमध दोन मोटारी उभ्या असतील, तर त्यांच्यामध्ये आरशांसकट दीड-पावणेदोन मीटर जागा राहते. स्कूटरच्या हँडलची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून दुचाकी जाऊ शकते. मोटारी थांबल्या असतील आणि दुचाकी हळू असेल, तर यात कुणाचं काही बिघडत नाही. उलट प्रत्येक दुचाकीस्वार मोटारीसारखा मार्गिकेच्या मधोमध रांगेत उभा राहिला, तर कळंबोलीची रांग कामोठ्याच्या पुढे जाईल. दुचाकी फटीतून निघून जाते, म्हणून मोटारवाल्याचा रस्ताही थोडा मोकळा होतो.

हाच हिशेब दोन ट्रेलरचा करा. जड वाहनाला कायद्याने २.६ मीटरपर्यंत रुंदी चालते. साडेतीनातून ती वजा केली की ०.९ मीटर उरतात. त्यात पाऊण मीटरचं हँडल घातलं की दोन्ही बाजूंना वीतभरही जागा राहत नाही, आणि यात ट्रेलरचे आरसे धरलेलेच नाहीत. एक खड्डा, पावसाने बुळबुळीत झालेला एक पांढरा पट्टा, ट्रेलरचा जरासा झोल, की माणूस चाकाखाली. मोटारींमधली फट आणि ट्रेलरमधली फट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच ‘घुसाघुशी’ म्हणणाऱ्याने फट मोजलेलीच नाही.

ट्रेलरची डावी बाजू तर त्याहून वाईट. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचं असतं तेव्हा ड्रायव्हर आधी केबिन उजवीकडे घेतो. डावीकडे ऐसपैस जागा मोकळी दिसते. दुचाकीस्वाराला वाटतं, चला, वाट मिळाली. पण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. ती मोकळी दिसणारी जागा काही सेकंदांत बंद होते. एका बाजूला फूटपाथचा कठडा, दुसऱ्या बाजूला चाकं, निसटायला जागाच नाही. केबिनच्या अगदी पुढ्यात उभं राहणंही तितकंच घातक. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, बंपरला चिकटून उभी असलेली स्कूटर त्याला दिसत नाही. सिग्नल सुटतो, तो क्लच सोडतो. या ड्रायव्हरला आपण खुनी ठरवतो, पण बऱ्याचदा त्याला समोरचं माणूस दिसलेलंच नसतं.

उरला वेग. ताशी २० किलोमीटरला दुचाकी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते, ४० ला अकरा मीटर. मोटारीचं दार उघडलं किंवा दोन गाड्यांमधून माणूस पुढे आला, तर ब्रेक दाबायलाच साधारण एक सेकंद लागतो. थांबलेल्या रांगांमधून ४० च्या वेगाने कट मारत जाणाऱ्याकडे तो सेकंद नसतो. इथे मी दुचाकीस्वाराची बाजू घेणार नाही. फटीतून हळू जाणं ही गरज आहे. फटीतून सुसाट जाणं हा समोरच्याच्या जिवावरचा जुगार आहे, आणि त्याला दंड झालाच पाहिजे.

बाहेरच्या देशांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्यात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने १ जुलै २०१४ पासून रांगांमधून जायची मुभा दिली, पण ताशी ३० किलोमीटरच्या आत, शाळेच्या परिसरात नाही आणि रस्त्याच्या कडेने तर नाहीच. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये रांगांमधून जाण्याला मान्यता देणारा कायदा केला. त्याआधी २०१५ मध्ये बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या अपघातांचा अभ्यास केला होता. आजूबाजूच्या वाहनांपेक्षा दुचाकीचा वेग ताशी साधारण २४ किलोमीटरपेक्षा जास्त नसेल, तर रांगांमधून जाणं तुलनेने सुरक्षित ठरतं, असं त्यांना दिसलं. मलेशियाने क्वालालंपूरच्या फेडरल हायवेवर १९७० च्या दशकातच दुचाकींसाठी वेगळी मार्गिका बांधली. तैवानमध्ये सिग्नलच्या थांबारेषेपुढे दुचाकींसाठी चौकोन आखलेले असतात. आपल्याकडे मात्र लाखो लोक रोज जे करतात, त्याला ना स्पष्ट मुभा, ना ठरलेली वेगमर्यादा, ना शिकवणी. लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा काढायला लावतात. ट्रेलरची मागची चाकं कशी वळतात, हे कुणी दाखवत नाही.

किंमत कोण मोजतं? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. त्याच वर्षी ५०,०२९ माणसं हेल्मेट न घालता मेली आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. पनवेलमध्ये पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागे बसलेल्या बायकोचं डोकं उघडं असतं. हे थांबवायला सरकारची वाट बघायची गरज नाही, आज संध्याकाळीच थांबवता येईल.

बाकीचं मात्र सरकारनेच करायचं आहे. कळंबोली जंक्शनच्या कामासाठी २०२५ च्या फेब्रुवारीत द्रुतगती महामार्गावरून पनवेलकडे उतरणारा रस्ता सहा महिने बंद ठेवायचं ठरलं. एवढं मोठं काम हाती घेता, तर त्याच्या नकाशात दुचाकीची जागा आखा. सिग्नलला थांबारेषेपुढे दुचाकींसाठी खोल चौकोन हवा, इतका खोल की मागच्या ट्रेलरवाल्याला त्यातला प्रत्येक जण दिसेल. महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवरचं पार्किंग आणि राडारोडा हटवा आणि तो दुचाकींना द्या. जिथे ट्रेलर डावीकडे वळतात, तिथे दुचाकीला डावीकडून पुढे जायला मनाई करा. तसा फलक लावा आणि गर्दीच्या वेळी तिथे पोलीस उभा करा. राज्याने नियम लिहावा: मोटारी थांबलेल्या किंवा रांगत असतील तेव्हाच, ताशी २० च्या आत, आणि जड वाहनांच्या मधून कधीही नाही. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. यातली पहिली हिंमतही तिनेच करावी. सिडको, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांना एका टेबलाशी बसवावं, कारण इथे रस्ता एकाचा, पूल दुसऱ्याचा आणि खड्डा कुणाचाच नाही.

आणि दुचाकीस्वारांनो, तुमच्याशीही एक बोलायचंय. मोटारींमधून हळू जा, मी तुमच्या बाजूने भांडेन. ट्रेलर दिसला की मागे थांबा. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तिथे दोन मिनिटं थांबलात म्हणून कुठल्याही कंपनीत तुमची पाळी चुकणार नाही.