फ्लॅट भाड्याने देणे आहे

शहर सोडून गावी जायचं ठरवलेल्या कुटुंबाचा निर्धार जोखायचा असेल, तर डोंबिवलीतल्या फ्लॅटचं काय करणार एवढंच विचारावं. विकणार म्हणाले तर संत, भाड्यानं देणार म्हणाले तर आपल्यातले. मीही आपल्यातलाच. मला कोकणातलं शेणानं सारवलेलं अंगण हवं, फक्त सारवायला दुसरं कुणीतरी हवं आणि फोटो टाकायला रेंज हवी. बघणारं कुणी नसेल तर साधेपणात उरतं काय? गैरसोय.

खरी गंमत जमिनीपाशी. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं की, काही अपवाद सोडले तर, शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे शेतकरी व्हायला आधी शेतकरी असावं लागतं. मग ज्या काकांचा फोन आपण कधी उचलला नाही, त्यांच्याबद्दल एकाएकी माया दाटून येते, कारण सातबाऱ्यावर त्यांच्याच ओळीत आजोबा आहेत. सातबारा शांतपणे वाचावा. नमुना सातमध्ये हक्क, नमुना बारामध्ये पिकं. वर तीस नावं, त्यांतली निम्मी कैलासवासी. खाली पीक म्हणून एकच नोंद, पडीक. जमीन पंधरा गुंठे धरली तर माणशी अर्धा गुंठा, म्हणजे साधारण 545 चौरस फूट. ज्यातून सुटायला निघालो तो वन बीएचकेच! शिवाय त्यात आंब्याचं झाड कुणाच्या वाट्याचं, यावर दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, आता घरून काम करता येतं, कोकण रेल्वेही 1998 पासून मुंबई-मंगळूर धावते, अडलंय कुठं? अडलेलं नाही, म्हणूनच विचारायला हवं की तिथली माणसं मग का गेली. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी भरली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 बाया होत्या. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला जाते आणि एका भातपिकावर वर्ष निघत नाही, म्हणून पुरुष गिरणीत गेले. मागे राहिलेल्या बाईनं मनीऑर्डरची वाट बघत घर, गुरं आणि सासू सांभाळली. तिच्या त्या एकटेपणाला आपण शांतता म्हणतो आणि ती अनुभवायला सामान बांधतो, याची मला मनापासून चीड येते. सामान बांधणाऱ्यांत मी असलो तरी.

मुलं मातीत वाढतील, हा दुसरा मुद्दा. मान्य आहे, आठवीपर्यंत. पुढं क्लास लागतो. आणि आपण ओटीवर टेकतो न टेकतो तोच शेजारची म्हातारी विचारते, नातवाला मुंबईत कुठं चिकटवता येईल का? त्यासाठी कुणाला फोन करायचा हे आपल्याला बरोबर माहीत असतं.