बारशाआधीच नाव फुटलं

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या की. कांद्याची टोपली घेऊनच या. तुम्ही माळा विणा, मी बोलते. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्यांच्या नातीचं नाव फुटलं! बारसं रविवारी, आणि नाव आजच अख्ख्या आळीला ठाऊक. आत्या कानात कुर्र करणार, आपण तिच्या पाठीत धपाटे घालणार, ते सगळं आता नावापुरतंच. आलिया! हो हो, नीट ऐकलंत. आलिया.

कृत्तिकेचा पहिला चरण, म्हणून अक्षर आलं 'अ'. आजींनी अनघा, अरुंधती, झालंच तर अनसूया सुचवून पाहिलं. सुनेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गुरुजींना विचारलं, 'अ म्हणजे आ पण चालतो ना?' गुरुजी म्हणाले, चालतो. झालं, तिथेच निकाल लागला. तेव्हापासून आजी फुगून बसल्यात. एक तर आलिया म्हटलं की त्यांना तुकोबा आठवतात, आणि तुकोबांच्या मागोमाग भोग येतात. काल देवळात मला म्हणाल्या, 'नातीला हाक मारायची की नशिबाला?' आणि दुसरं दुखणं म्हणजे नाव अरबी. 'आपल्यात असली नावं कधी होती का?'

नव्हती कशी? आजी राहतात कुठे? अलिबागेत! जुनी माणसं सांगतात ना, अली नावाचा कुणी बेने इस्रायली बागायतदार होता, आंब्या-नारळाच्या मोठाल्या बागा होत्या त्याच्या. अलीची बाग, तेच अलिबाग. खरंखोटं तो अली जाणे, पण गावाच्या पाटीवर तो बसलाय तो बसलायच. आलिया त्याच कुळातली. अली म्हणजे थोर, उंच. आलिया म्हणजेही थोर, उच्च पदाची. आणि महादजी शिंद्यांना आपण काय म्हणतो? अलिजाबहाद्दर. त्यातला 'अली'ही हाच, उच्च पदाचा. पाटीलबाबांना चाललं, ते या आजींना चालत नाही!

बरं, आपल्या इस्राएल आळीतली माणसं आठवा. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे त्यांना. किहीमकर, नागावकर, दिवेकर अशी आपल्यासारखीच आडनावं, बोलणं मराठी. 1948 नंतर हळूहळू बरीचशी इस्रायलला गेली. त्या जाण्याला हिब्रूत काय म्हणतात ठाऊक आहे? आलिया! वर चढून जाणं. अरबी आणि हिब्रू एकाच घराण्यातल्या भाषा, धातू तोच. म्हणजे हा शब्द आपल्या गावातल्या माणसांच्या तोंडी सिनेमातल्या आलिया भटच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता खरी गंमत ऐका. ती माळ ठेवा बाजूला, पात निसटतेय बघा. माझा भाचा नोकरीनिमित्त अम्मानला होता, जॉर्डनमध्ये, त्यानं सांगितलं. तिथले राजे हुसेन. 1956 मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली, तिचं नाव आलिया. 1963 मध्ये देशाची विमान कंपनी काढली, तिलाही लेकीचंच नाव दिलं, आलिया. पुढे 1972 मध्ये राजांनी तिसरं लग्न केलं. पहिल्या दोघींशी काडीमोड झाला होता, आपल्याला काय करायचंय त्यात. तर ही तिसरी राणी कोण? आलिया! घरात मुलगी आलिया, सावत्र आई आलिया. राजांनी हाक मारली की 'ओ' कोण देत असेल हो? राणीला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं अली. म्हणजे नावाची हौस कमी म्हणून नाहीच. पण बिचारी 1977 मध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेली, 28 वर्षांची होती. मग 1983 मध्ये अम्मानचा नवा विमानतळ सुरू झाला तो तिच्या नावानं. विमान लेकीचं आणि विमानतळ बायकोचा! कंपनीचं नाव पुढे रॉयल जॉर्डेनियन केलं, विमानतळ मात्र अजून आलिया राणीचाच आहे.

अमेरिकेतही आहे हे नाव. आलिया नावाची ब्रुकलिनची गायिका होती. 1994 मध्ये तिचा पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी हे नाव तिकडच्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत शिरलं. 2001 मध्ये बहामा बेटांवर विमान कोसळून ती गेली, अवघी 22 वर्षांची. नाव त्यानंतर आणखी वर चढलं, पहिल्या शंभरात गेलं.

काय म्हणालात? अपशकुनी? दोघी आभाळातूनच गेल्या म्हणून? काहीतरीच तुमचं! जानकी नाव आपण ठेवतोच ना? तिच्या वाट्याला कुठलं सुख आलं होतं? आणि आजींना यातलं एक अक्षर सांगाल तर बघा.

आपल्याकडे मात्र सगळी करणी सिनेमाची. 2012 मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर' आला आणि ही भटांची आलिया घरोघरी पोचली. सूनबाई तेव्हा कॉलेजात असेल, नाव तेव्हाच मनात भरलेलं. पण त्यात वाईट काय? कबीर आपल्यात आहेच, तोही अरबी, मोठा या अर्थाचा. आणि तुमच्या धाकट्या दिरांचं नाव समीर ना? आपल्याकडे समीर म्हणजे वारा, पण अरबीतला समीर म्हणजे रात्री गप्पा मारायला बसणारा सोबती. आता बोला! रोज रात्री अकरापर्यंत कट्ट्यावर कोण असतं?

माझं विचाराल तर नाव छान आहे. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही, हाक मारायला मोकळं. फक्त रविवारी घुगऱ्या घ्यायला जाल तेव्हा सुनेला बाजूला घेऊन एक सांगा. या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी करतात, कुणी एक 'ए' लावतं, कुणी दोन, कुणी शेवटी 'एच' चिकटवतं. तेव्हा आत्ताच काय ते एक ठरवा म्हणावं, आणि जन्मदाखल्यावर जे घालाल तेच आधारवर आणि शाळेत घाला.